गुप्तहेराचं पथ्य

माझ्या कादंबऱ्यांतला गुप्तहेर इतक्या ऐषारामात जगतो, याचं सगळं श्रेय आमच्या डॉक्टरांना. त्यांनी माझी दारू बंद केली, त्या वर्षी तो जहाजाच्या डेकवर बसून उंची मद्य पिऊ लागला. मला मीठ वर्ज्य झालं, तेव्हा त्याला उठता-बसता खारे बदाम लागू लागले. "जिने चढू नका," असं मला सांगितलं मात्र, हा पठ्ठ्या या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत निघाला. आणि गेल्या वर्षी माझी सिगारेट सुटल्यावर तर तो पानापानावर धूर सोडू लागला. वाचक पत्रं पाठवतात, "जगावं तर असं!" ती पत्रं मी अळणी सूप पीत वाचतो.

बायको माझी पहिली वाचक. परवा नव्या कादंबरीचं हस्तलिखित तिनं एका बैठकीत संपवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"झकास. फितूर कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही." मग तिनं हात पुढे केला. "काढा."

"काय काढू?"

"सिगारेटचं पाकीट."

"अगं, वर्षभरात हातसुद्धा लावला नाही! कुणी चुगली केली माझी?"

"तुमच्याच गुप्तहेरानं." तिनं हस्तलिखित टेबलावर आपटलं. "अख्खी दोनशे पानं वाचली. त्यानं एकदासुद्धा सिगारेट पेटवली नाही."