स्पंजची घडी

"मेलो, अण्णा!" चेंडू झेलून झुंबरने नेहमीसारखा हात झटकला.

बेसबॉल क्लबने अण्णाला चेंडू टाकणारा पिचर म्हणून घेतलं, तेव्हापासून त्याचे चेंडू झुंबरच झेलायचा. तळवा सुजू नये म्हणून ग्लोव्हमध्ये स्पंजची जाड घडी ठेवायचा. त्याची ओरड ऐकून समोरचे बॅटर बिचकायचे आणि अण्णाला बळ यायचं.

बेसबॉलचा अंतिम सामना बरोबरीत होता. शेवटच्या डावाआधी प्रशिक्षकांनी विचारलं, "खांदा साथ देईल ना? नाहीतर टाकायला तो नवा गडी तयार आहे."

"झुंबरच्या हाताला विचारा!" अण्णाने हसत बाकावरचा त्याचा ग्लोव्ह उचलला. सहज बोटं आत घातली, तर आत नुसतं चामडं. त्याने झुंबरचा तळवा उलटून पाहिला. लालीसुद्धा नव्हती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून," झुंबर खाली बघत म्हणाला.

म्हणजे अख्खा हंगाम तो खोटंच ओरडत होता.

अण्णाने झुंबरच्या पिशवीच्या तळाशी गेलेला स्पंज शोधून काढला, ग्लोव्हमध्ये नीट बसवला आणि ग्लोव्ह त्याच्या हातात दिला.

"नव्या गड्याला टाकू द्या," तो प्रशिक्षकांना म्हणाला. "त्याचा चेंडू लागतो."