लेकीची ओळ

लोहाऱ्याच्या ऑफिसात आम्ही जुन्या कॅसेटना सबटायटल लावतो. कोण कोणत्या सेकंदाला काय बोललं, तेवढंच लिहायचं. त्यात माझ्याच याडीची, म्हणजे आईची, कॅसेट निघाली. मी चार वर्षांची असताना कुणी प्राध्यापक आमच्या बंजारा तांड्यात येऊन तिचं गाणं भरून घेऊन गेले होते.

आमच्यात लेक सासरी निघाली की मायलेकी गळ्यात पडून गाण्यातच रडतात. मायनं एक ओळ म्हणायची, लेकीनं पुढची. कॅसेटमध्ये याडीनं तिची ओळ म्हटली, लेकीच्या ओळीसाठी चार सेकंद थांबली आणि मग स्वतःची पुढची ओळ म्हटली. मी तशी वेळ टाकली.

मला असल्या रडण्याची लाज वाटायची. मी कोर्टात लग्न केलं आणि तांड्याकडे फिरकले नाही. याडी वारली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी तपासलं, तर त्या पुढच्या ओळीचं सबटायटल याडीच्या आवाजाच्या आधीच उमटत होतं. ती शांतता अकरा सेकंदांची झाली होती. तिसऱ्या दिवशी चाळीस.

"तुमचंच चुकलं असन मॅडम," शेजारचा नयन म्हणाला. "कापून टाका ना तेवढं."

कापलं.

आज फाइल उघडली. याडी ओळ म्हणून थांबली. एक मिनिट झालं, दोन झाली. तिचा श्वास ऐकू येत होता. पुढची, लेकीची ओळ मला पाठ होती. ऑफिसात काय गायचं, म्हणून मी ओठ मिटून बसले.

मग याडी साध्या आवाजात बोलली, "बंद करा सर. पोरगी काही येत नाही आता."

मी घाईघाईनं तोंड उघडलं, आणि तिकडे टेपचं बटण खट्ट वाजलं.