प्लास्टिकमधली पावती

निकाल लागून दोन वर्षं झाली, तेव्हा कुठे म्हातारी मुलाच्या जामिनाचे पैसे परत मागायला कोर्टात आली. खिडकीतल्या कारकुनाने पावती उलटसुलट करून कपाळावर हात मारला. “आजी, लॅमिनेशन केलंत? आता शिक्का कुठे मारू, माझ्या टकलावर?” “पोराच्या सुटकेचा कागद जपायला नको?” ती पुटपुटली. “मग पोरालाच घेऊन या. त्याची सही लागेल.” म्हातारीचा चेहरा खुलला. निर्दोष सुटलेला मुलगा कोर्टाच्या पायरीवरून जो गेला, तो पुन्हा घराकडे फिरकलाच नव्हता. तिचं वय पाहून कारकून विरघळला. “राहू द्या, तुमच्या एकटीच्या सहीवर भागवतो.” तिने झटकन पावती मागे ओढली. “नको, नको! नियम म्हणजे नियम.” मग खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, “त्याला यावंच लागेल, एवढं शिक्क्यानिशी लिहून द्याल? मी बोलावून तो येत नाही.”