शिट्टीवाली गाडी

"हारला नं?" बुधाजी मिस्त्रीनं बोनेटमंदी डोकं घालूनच इचारलं.

कुलदीप गाडीच्या पलीकडं उभा राहून आपल्याच चपलेकडं पाहून राहिला.

बुधाजीले उत्तर भेटलं. आंधी अकोल्यात कापसाच्या जिनिंगच्या मशिनी, मंग अमरावतीत हे गॅरेज, चाळीस वर्सं त्याचे हात काळे व्हते. गिऱ्हाइकाच्या तोंडावरूनच त्याले समजे का काय तुटलं. या गाडीचं तं काईच तुटलं नवतं.

गाडी म्हनजे लालभडक डब्बी. बाहेरदेशातली, पुन्याच्या एका डॉक्टरकून सेकंडहँड घेतलेली. दिसाले एवढीशी, पन इंजिनावर सुपरचार्जर. म्हनजे पट्ट्यावर फिरनारा पंखा, इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबनारा. पाय दाबला का असी शिट्टी मारे का रस्त्यावरचे कुत्रे उठून बसत. बाळापूर तालुक्यात असी दुसरी गाडी नवती, अन् कुलदीपनं हे कोनाले इसरू बी देलं नवतं.

"तुमच्याकडचा तो भाजीचा ट्रकवाला सांगत व्हता," बुधाजी म्हने. "व्याळा गावापासून म्हने तुही डब्बी समोर अन् श्यामची व्हॅन मांगं. दोघंबी पेटलेले. फुडं काय झालं थे त्याले दिसलं नाई. पन तुहं थोबाड सांगून राहिलं."

कुलदीपचे कान लाल झाले.

श्याम म्हनजे त्याचा शेजारी. भिंतीले भिंत. पहिले सायकली, मंग मोटरसायकली, जे हातात येईन त्याच्यावर दोघायची शर्यत. श्यामच्या जुन्या व्हॅनमंदी वांग्याचे कट्टे, झेंडूचे पोते, गावातल्या बाया, समदं मावे. कुलदीपच्या गाडीले तो माचिस म्हने.

"वीस दिवस झाले म्हन्ते, घरी गेला नाई तू?"

"इथंच हावो. साधनाताईकडं."

"बहिनीच्या घरी तोंड लपवून! अबे, एवढं काय मनाले लावून घेतं? नव्या नवरीवानी लाजून राहिला."

कुलदीपनं पयल्यांदा मान वर केली. "रविवारी घरी जायचं हाये, काका. घरचा रस्ता श्यामच्या दारातून जाते. तोवर गाडी करून द्या."

बुधाजी खूश झाला. हात पुसत बाहेर आला. "असं बोल नं बाप्पा! पाह्य, आंधी हवा घेनारा फिल्टर बदलू. मोठा, उघडा. मोकळा श्वास घेईन गाडी."

"आवाज वाढते का त्यानं?"

"वाढते नं! आर्धं बाळापूर घराभाईर येईन."

"मंग नको."

"नको? बरं. मांगचं सायलेन्सर मोकळं करू."

"आवाज?"

"ढगावानी."

"नको, काका."

बुधाजीनं त्याच्याकडं डोळे बारीक करून पाह्यलं. हारलेला मानूस चिडचिड करते, गाडीले लाता मारते, हे त्यानं लय पाह्यलं व्हतं. हे बेनं काई येगळंच व्हतं.

"कोंबलेली हवा थंड करनारी जाळी मोठी बसवतो. तिचा आवाज नाई. उनातबी दम टिकते."

कुलदीपनं मान हालवली. नाई.

"तं मंग करू काय? गंध लावू तिले?" बुधाजी खेकसला. जाऊन कपाट उघडलं अन् कपड्यात बांधलेल्या दोन पुल्या टेबलावर ठेवल्या. "हे शेवटचं. सुपरचार्जरची पुली. जिनिंगमंदी आमी हेच करो. पुली लहान केली का पट्टा तोच, पन चाक दुप्पट पये. हे लहानी मी सोता लेथवर उतरवली. लाव अन् जा श्यामच्या दारातून. व्हॅनचे चाकं गळून पडतीन."

कुलदीपनं दोन्ही पुल्या हातात घेतल्या. लहानी ठेवून देली. दुसरी फुडं केली.

"हे लावा."

"अबे, उलटी उचलली. हे मोठी. हिच्यानं पंखा हळू फिरन. शिट्टी बसन, दम बसन. बैलबंडी होईन गाडीची."

"हेच पाह्यजे."

बुधाजी पोट धरून हासला. "डोकं फिरलं का तुहं? असा तं जलमभर श्यामसंगं हारशीन!"

"मी हारलो नाई, काका."

"आँ?"

"जिकलो मी." कुलदीप पुलीकडं पाहूनच बोलत व्हता. "रस्त्याचं काम चालू, एकच पट्टी मोकळी. थो मांगून हॉर्न देऊन राहिला, लाइट मारून राहिला. मले वाटलं, चिडला. मंग मी त्याले खेळवलं. जवळ आला का गाडी मधात घ्यायची, शिट्टी मारून फुडं काढायची, अन् परत ढिली करायची. अकोल्याच्या नाक्यावर तं मी उतरून त्याले जिकल्याचे दोन बोटं दाखवले. त्यानं पाह्यलंबी नाई. सीधा दवाखान्याकडं वळला."

बुधाजीचं हासनं तोंडातच राह्यलं. हातातल्या फडक्याचं काय करावं हे त्याले समजत नवतं.

"व्हॅनमंदी त्याची माय व्हती. मनकर्णाकाकू. वावरात साप चावला व्हता."

"मंग?" बुधाजीनं इचारलं.

"दुसऱ्या दिवशी गेलतो मी. श्यामनं मले खांदा देऊ देला नाई."