रुमालाखालचा भाव

रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची, एक बोट म्हणजे एक हजार. असा हापूसचा भाव पाडण्यात आप्पांचा हात धरणारा वाशीच्या मार्केटात कोणी नव्हता. तेच आप्पा अर्धांगाचा झटका आल्यापासून सहा दिवस हॉस्पिटलात डोळे मिटून पडले होते. "माणूस ओळखल्याची एक तरी खूण दिसायला हवी," असं डॉक्टर सकाळी त्यांच्या मुलाला, कुलदीपला, बजावून गेले होते.

दुपारी तो गाळ्यावरून मोसमातला पहिला आंबा घेऊन आला. नर्सची पाठ वळताच त्याने देठ खुडून आंबा आप्पांच्या नाकाशी धरला. खोलीभर वास सुटला, पण आप्पांची पापणीसुद्धा हलली नाही.

"अहो, पोरगा आलाय, बघा की!" मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला. एसीचा गारठा लागू नये म्हणून त्यांनी बापलेकाच्या एकमेकांत धरलेल्या हातांवर टॉवेल पांघरला.

मॉनिटरच्या टिकटिकीशिवाय आवाज नव्हता. ती शांतता सोसेना, म्हणून कुलदीप उगाच बोलला, "आप्पा, आज मी एकट्याने सौदा केला. पेटी पाच हजाराला घेतली."

टॉवेलखाली काहीतरी हललं. कुलदीप दचकला आणि मग हसता हसता रडायलाच लागला.

"अरे, काय झालं?" मुक्ताबाई घाबरल्या.

 

"आई, आप्पांनी माझी तीनच बोटं धरलीत!"