उपटलेला पेनड्राइव्ह

‘ग्राहकानं मध्येच पेनड्राइव्ह उपटला तर चूक त्याची. तो परत लावेपर्यंत संगणक थांबेल,’ पुण्याहून साहेब फोनवर म्हणाले.

तिरोड्याला घरी बसून त्यांच्या कंपनीसाठी संगणकाला पेनड्राइव्हसारखी उपकरणं चालवायला लावणारे ड्रायव्हर प्रोग्राम लिहिणारी नीतू मात्र हटून बसली. ‘आणि त्यानं लावलाच नाही तर, सर? जाणारा काही दरवेळी सांगून जात नाही. गेला म्हणजे गेला, हे मान्य करायचं आणि त्याच्यापायी खोळंबलेलं एकेक काम मोकळं करायचं. मी असंच लिहिणार. पटत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्या.’

फोन ठेवून ती तडक अंगणात गेली आणि नवऱ्याच्या मोटारसायकलवरची ताडपत्री तिनं ओढून काढली.

बाजेवरून सासरे केशोराव ओरडले, ‘योगराजची गाडी हाये ते. तो येईन तवा चालवन. तुले कायले पायजे?’

‘त्याले घर सोडून तीन वर्सं, तीन पोळे होऊन गेले, मामाजी. कवा येतो म्हून सांगून गेला का तुमचा पोरगा?’



किक मारून मारून गाडी सुरू होईना, तेव्हा नीतूनं ती ढकलतच फाटकाबाहेर काढली.