गोड गळ्याचा माणूस

हे कुठे लिहून ठेवायचंच नाही, असं निरोजननं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या बापाची गोष्ट. आपण कोण?

झालं असं. परुत्तितुरै गावच्या बाजारामागे, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत तो स्कॅन करत बसला होता. पंखा बंद. नाहीतर पानं उडतात. त्या दिवशी स्मरणपुस्तिकांचा गठ्ठा होता. आमच्याकडे माणूस गेला की एकतिसाव्या दिवशी जेवायला आलेल्यांच्या हातात ती ठेवतात. वर फोटो, आत गावच्या कवीनं रचलेलं गुणगान. हे सगळं आता वेबसाइटवर चढवायचं, म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेही बसून आपली माणसं वाचता येतील.

एका पोस्टमास्तरची पुस्तिका मशीनवर ठेवली आणि तो थबकला.

‘पहाटे विहिरीवर गोड गळ्यानं गाई, दारातून उपाशी कुणी ना जाई.’

या ओळी तर आपल्या दोस्ताच्या, तुवारकनच्या अप्पाच्या! छापतानाच पान इकडचं तिकडे गेलं की काय? त्यानं फोटो पाहिला. चष्मेवाला, अनोळखी. मग गठ्ठाच उपसला. एका किराणावाल्याच्या पुस्तिकेत त्याच ओळी. शाळेच्या शिपायाच्या पुस्तिकेतही. खाली कवीचं नाव एकच.

तुवारकन रांगत होता तेव्हाच त्याचा बाप गेला. पुढे युद्धाच्या पळापळीत घर गेलं, फोटो गेले. राहिली ती कव्हर फाटलेली पुस्तिका. त्याचा अप्पा म्हणजे तेवढ्या ओळी. म्हणून तो ऑटोत म्हाताऱ्यांकडून भाडं घेत नाही. म्हणून रोज पहाटे विहिरीवर गातो. इतका भसाडा, की बायको म्हणते, “कावळे गाव सोडून गेले, आता माझा नंबर.”

आणि आज तो नेमकी तीच पुस्तिका घेऊन येणार होता.

आलाच. एका हातात पुस्तिका, दुसऱ्यात वड्यांचा पुडा.

“टोरांटोच्या आत्याला आजच दिसेल ना रे?”

“आज मशीन जरा...”

“चालू तर आहे की लेका!” त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. त्याचे ओठ हलायला लागले. त्याला वाचायची गरजच नव्हती. “अरे, चढवलंस पण?” मग फोटो दिसला. “हा कोण?”

“पोस्टमास्तर.”

“हा अप्पाच्या ओळींत काय करतोय?”

 निरोजननं बाकीच्या दोन पुस्तिका पुढे सरकवल्या. तुवारकननं त्या वाचल्या. उलटून पाहिल्या. परत वाचल्या. वड्यांचा पुडा अजून हातातच होता.

“मग यांच्यातलं गायचं कोण?”

“माहीत नाही रे.”

“कुणीतरी गात असेल ना?”

“असेल.”

“मी रोज गातो, मच्चान. मी कुणासारखा गातो मग?”

खाली ऑटोत बसवून ठेवलेली म्हातारी ओरडली, “तंबी, येतोस की मी चालत जाऊ?”

“आलो आच्ची, आलो!”

पण तो हलला नाही. मग पुस्तिका त्यानंच मशीनवर ठेवली, काच नीट पुसून. “हीपण चढव.”

जिन्यात दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

“ए, माझ्या एकतिसाव्याला तू लिहायचंस. जास्त काही नको. विहिरीवर गायचा, एवढंच.”

“भसाड्या गळ्यानं,” निरोजन म्हणाला. “तसंच लिहीन. शब्द देतो.”